सावलीचा विटाळ आणि छायाचित्राचा बाजार

पेशवाईतील पुण्यात सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर महार-मांगांना शहरात येण्यास बंदी होती. त्या वेळी माणसाची सावली लांब पडते आणि ती वरच्या जातीच्या माणसावर पडली तर त्याला विटाळ होतो, असे कारण इंग्रजी अमदानीतील ग्रंथांनी नोंदवून ठेवले आहे. ही पेशवाई १८१८ साली बुडाली. त्यानंतर चाळीस वर्षे उलटण्याच्या आतच मुंबईत साहेब लोकांनी कॅमेरा उभा केला आणि इथल्या जातीजमातींची चित्रे काचेवर उतरवून ती विकण्यास सुरुवात केली. ज्यांची छाया नको होती, त्यांचे छायाचित्र आता हवेसे झाले. या उलथापालथीत त्या माणसाची किंमत वाढली काय? त्याला कोणी विचारले काय? आणि त्याच्या चित्राचे जे पैसे झाले त्यातला एक आणा तरी त्याच्या हातावर पडला काय? हे तीन प्रश्न दीडशे वर्षांहून अधिक काळ तसेच पडून आहेत.

मी इतिहासाचा शिक्षक आहे, म्हणून हे प्रश्न इतिहासाच्या अंगाने मांडतो. पण ते जुन्या ग्रंथांपुरते मर्यादित नाहीत. मी दारव्ह्यात शिकवतो. आमच्या तालुक्यात आणि शेजारच्या दिग्रस, पुसद, मानोरा या पट्ट्यात बंजाऱ्यांचे तांडे आहेत. संत सेवालाल महाराजांची समाधी असलेली पोहरादेवी इथून फार दूर नाही. रामनवमीच्या यात्रेला लाखो माणसे लोटतात आणि त्यांच्यामागून गळ्यात मोठाले कॅमेरे अडकवलेली मंडळीही येतात. काचांचे तुकडे आणि कवड्या लावलेली फेट्या-कांचळी, हस्तिदंती वाटणाऱ्या बांगड्यांनी भरलेले दंड, सुरकुतलेला चेहरा हे सारे त्यांना हवे असते. एका दिवसात शेकडो चेहरे टिपून ती मंडळी निघून जातात. पुढे हेच चेहरे शहरातल्या प्रदर्शनांत, दिनदर्शिकांवर, हॉटेलांच्या भिंतींवर आणि इंटरनेटवरील चित्रविक्रीच्या दुकानांत दिसू लागतात. खाली लिहिलेले असते, ‘आदिवासी स्त्री, भारत’. महाराष्ट्राच्या यादीत बंजारा समाज विमुक्त जातींत आहे, अनुसूचित जमातींत नाही. एवढेही विकणाऱ्याने विचारून घेतलेले नसते. मग त्या बाईचे नाव तो कशाला विचारील?

माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने असे एक चित्र मोबाइलवर शोधून मला दाखवले. ती बाई तिच्याच तांड्यावरची होती. मी तिच्यासोबत तांड्यावर गेलो. त्या आजींना ते चित्र दाखवले, तेव्हा त्यांनी आधी ते डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिले आणि मग ओढणी सारखी केली. मी विचारले, “आजी, फोटो काढण्याआधी तुम्हाला विचारलं नाही का?” त्या म्हणाल्या, “इचारलं ना. हातानं इशारा केला. पण साहेबाले नाही कोन म्हनते?”

या एका वाक्यात संमतीचा सगळा प्रश्न आला आहे. मान डोलली म्हणजे संमती मिळाली, असे समजणारा माणूस मान कोणासमोर डोलली हे पाहत नाही. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या ‘नाही’ म्हणण्याची शिक्षा भोगावी लागली, त्याच्या ‘होय’ला किती किंमत द्यायची, हे तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यासाठी या धंद्याचा उगम पाहिला पाहिजे.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत विल्यम जॉन्सन नावाचा सरकारी नोकर होता. १८५६ ते १८५८ या काळात त्याने विल्यम हेंडरसनबरोबर एक मासिक आल्बम काढला. त्यात दरमहा तीन अस्सल फोटो चिकटवलेले असत. पश्चिम हिंदुस्थानातील पोषाख आणि ‘नमुनेदार’ माणसे हा त्यातला एक मोठा विषय होता. पुढे १८६३ आणि १८६६ साली जॉन्सनने मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या वंशजातींवर दोन खंड लंडनला प्रसिद्ध केले. या खंडांतील चित्रांची एक गंमत अभ्यासकांनी उघड केली आहे. माणसांचे फोटो एका जागी काढलेले, त्यांच्या मागचा देखावा दुसरीकडचा आणि दोन्ही कापून जोडलेले. म्हणजे माणूस त्याच्या जागेवरून उचलला, कापला आणि गिऱ्हाइकाला शोभेल अशा पार्श्वभूमीवर डकवला. प्रवासी चित्रांचा धंदा आपल्याकडे सुरू झाला तो असा. आजचे छायाचित्रकार यंत्रावर रंग गडद करतात, मागची प्लास्टिकची बादली आणि विजेचा खांब पुसून टाकतात. ही त्याच कापाकापीची पुढची पिढी होय.

जॉन्सनचा उद्योग खाजगी होता. सरकारचा उद्योग त्याहून मोठा होता. १८५७ च्या उठावानंतर या देशातल्या माणसांना ओळखून ठेवण्याची निकड राज्यकर्त्यांना भासू लागली. लॉर्ड कॅनिंगच्या हौशीतून सुरू झालेला फोटोंचा संग्रह सरकारी कामात रूपांतरित झाला. प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांकडून फोटो मागवण्यात आले आणि १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ लंडनहून निघाला. त्यात ४६८ छायाचित्रे आहेत. प्रत्येक चित्राबरोबर मजकूर आहे आणि त्या मजकुरात अमुक जात चोर, अमुक जात कपटी, अमुक जात राजनिष्ठ असे शेरे मारलेले आहेत. पाटील, तहसीलदार आणि साहेब अशा उतरंडीतून फोटोसाठी माणसे हजर करण्याचा हुकूम गावात येत असेल, तेव्हा नकार देण्याची ताकद कोणात असणार? त्या काळी काचेवर चित्र उमटेपर्यंत माणसाला काही सेकंद निश्चल उभे राहावे लागे. तो निश्चल उभा राहिला हे खरे. पण आज्ञेने उभे राहणे आणि राजीखुशीने उभे राहणे यात जो फरक आहे, तो काचेवर उमटत नाही.

या ग्रंथाच्या दोन संपादकांपैकी एक जॉन फोर्ब्ज वॉटसन. हा गृहस्थ लंडनच्या इंडिया म्युझियममध्ये हिंदुस्थानच्या ‘मालाचा’ अहवाल देणारा अधिकारी होता. त्याने १८६६ साली आणखी एक काम पार पाडले होते. हिंदुस्थानातल्या कापडांचे ७०० तुकडे कापून, अठरा खंडांत चिकटवून त्याने विलायती गिरणीवाल्यांच्या उपयोगासाठी ठेवले. येथील लोकांना कोणते कापड लागते हे मँचेस्टरला कळावे आणि त्यांनी ते यंत्रावर विणून इकडे विकावे, हा त्यामागचा हेतू. आम्ही यवतमाळकर कापसाच्या मुलखात राहतो, म्हणून या गोष्टीचा अर्थ आम्हाला चटकन कळतो. वऱ्हाडचा कापूस बोटीने विलायतेला जात होता, तेव्हाच इथल्या हातमागाच्या कापडाचे तुकडेही नमुन्यादाखल तिकडे गेले. जाडेभरडे कापड विणून पोट भरणारे महार विणकर त्या व्यापारात देशोधडीला लागले. कापडाचा नमुना आणि माणसाचा नमुना एकाच माणसाच्या टेबलावर असावा, हा योगायोग नव्हे. तुकडा कापताना कापडाला कोणी विचारत नाही. माणसाकडेही त्याच नजरेने पाहिले गेले.

याच ग्रंथाच्या संदर्भात एक प्रसंग घडला. तो आपल्या वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावा. १८६९ साली सर सय्यद अहमद खान आपल्या मुलांसह लंडनला गेले होते. इंडिया ऑफिसमध्ये त्यांनी हा ग्रंथ पाहिला. त्यातली चित्रे पाहून नोकरीवर निघालेल्या तरुण इंग्रजांचे हिंदी माणसांबद्दल काय मत होईल, याची त्यांना खंत वाटली. त्यांचा मुलगा महमूद पाने चाळत असता एका इंग्रज तरुणाने त्यास विचारले, तू हिंदुस्थानी काय? महमूदने होय म्हटले. पण त्याचा चेहरा लाजेने लाल झाला आणि त्याने घाईघाईने खुलासा केला की, आपण इथल्या मूळ रहिवाशांपैकी नव्हेत, आपले पूर्वज परमुलखातून आलेले आहेत.

सर सय्यद यांची खंत खरी होती, याबद्दल मला शंका नाही. परंतु त्या खंतीला एक पळवाट होती. ‘चित्रातले ते, आम्ही नव्हे’ असे म्हणून उच्चवर्णीय हिंदू आणि खानदानी मुसलमान दोघेही त्या ग्रंथातून अलगद बाहेर पडू शकत होते. ज्यांना बाहेर पडता येत नव्हते, ते कोणी लंडनला गेले नव्हते. त्यांना त्या खंडांचा पत्ताही नव्हता. प्रती निघाल्या अवघ्या दोनशे, त्याही निम्म्या सरकारी कामासाठी. ज्याचा चेहरा पानावर आहे त्यानेच ते पान कधी पाहिले नाही, ही या सगळ्या इतिहासातील सर्वांत बोलकी गोष्ट आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. वऱ्हाड १९०३ साली मध्य प्रांताला जोडण्यात आला आणि १९१६ साली आर. व्ही. रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. आमच्याकडचा कोणीही संशोधक त्याला ओलांडून पुढे जात नाही. त्यात बंजारा स्त्रियांचे एक चित्र आहे, डोक्यावरच्या शिंगासह. मांग वाजंत्र्यांचे ढोलांसह एक चित्र आहे. कडेला झोळीत मुले बांधलेल्या मजूर बायांचे एक चित्र आहे. या चित्रांखाली जात आहे, काम आहे, वस्तू आहे. व्यक्तीचे नाव नाही. मात्र ग्रंथातील काही चित्रांखाली ती छापणाऱ्या डर्बी येथील बेमरोज कंपनीचे नाव आहे. छापणाऱ्याला नाव असते, काढणाऱ्याला असते, ग्रंथकर्त्याला तर असतेच. ज्याच्या चेहऱ्यावर हा पसारा उभा, तो तेवढा निनावी.

आणि हा निनावीपणा निरुपद्रवी नव्हता. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणाऱ्या बंजाऱ्यांचा धंदा रेल्वेने बसवला. त्यानंतर ठिकठिकाणी त्यांच्यासारख्या फिरत्या जमातींवर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा वरवंटा फिरला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. जो समाज पोलिसांच्या वहीत ‘जमात’ म्हणून नोंदला गेला, तोच समाज आल्बममध्येही ‘जमात’ म्हणूनच चिकटवला गेला. व्यक्तीला गुन्हा करावा लागतो, जमातीला तो जन्मतःच चिकटतो. आल्बमचे पान आणि ठाण्याची वही या दोन्हींना माणसाच्या नावाशी कर्तव्य नव्हते.

ही गोष्ट आपल्याच देशात घडली असे नाही. अमेरिकेत १८५० साली लुई अगासी या प्राध्यापकाने काळ्या माणसांचा वंश वेगळा आणि हलका असतो हे सिद्ध करण्यासाठी दक्षिण कॅरोलिनातील गुलामांचे उघड्या अंगाने फोटो काढवून घेतले. त्यांत रेंटी नावाचा एक वृद्ध आणि त्याची मुलगी डेलिया होती. हे फोटो हार्वर्ड विद्यापीठात राहिले. रेंटीची वंशज असल्याचे सांगणाऱ्या तमारा लॅनियर या बाईंनी २०१९ साली दावा लावला. गुलाम संमती देऊ शकत नाही, म्हणून हे फोटो विद्यापीठाचे होऊच शकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. २०२२ साली मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने मानसिक क्लेशाबद्दलचा त्यांचा दावा पुढे चालू दिला. पण फोटोच्या मालकीवरचा हक्क मान्य केला नाही. शेवटी मे २०२५ मध्ये तडजोड झाली आणि हार्वर्डने ते फोटो सोडून देण्याचे कबूल केले. दक्षिण कॅरोलिनातीलच आफ्रिकी-अमेरिकी लोकांच्या संग्रहालयाकडे ते जावेत असे ठरले. कोर्टाने मालकी दिली नाही, ती लढ्याने हलवली.

हेतू चांगला असला म्हणजे विचारण्याची गरज उरत नाही, असे आपल्यातल्याही पुष्कळांना वाटते. त्यांनी फ्लॉरेन्स थॉम्पसन या बाईची हकीगत पाहावी. १९३६ साली कॅलिफोर्नियात वाटाण्याच्या मळ्यापाशी मुलांसह बसलेल्या या मजूर बाईचा फोटो डोरोथिया लँग हिने सरकारी खात्यासाठी काढला. मंदीत होरपळलेल्या मजुरांची दैना जगाला दाखवावी हा तिचा प्रामाणिक हेतू होता. तो फोटो जगभर गेला, असंख्य वेळा छापला गेला. १९७८ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी, ती बाई कोण हे उजेडात आले. ती मूळनिवासी चेरोकी वंशाची होती. तिने सांगितले की, हा फोटो काढला नसता तर बरे झाले असते. आपले नावही विचारले गेले नाही आणि एक पैही आपल्याला मिळाली नाही. अफगाण निर्वासितांच्या छावणीत १९८४ साली टिपलेल्या हिरव्या डोळ्यांच्या मुलीचेही तेच. १९८५ साली ती नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आली आणि तिचे नाव शरबत गुला हे जगाला २००२ साली कळले. सतरा वर्षे सारे जग तिचे डोळे ओळखत होते आणि तिला स्वतःला त्याची गंधवार्ताही नव्हती.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला हे काही परके नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आमच्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले. मग दारात बसलेली विधवा, तिच्या हातात मेलेल्या नवऱ्याची तसबीर आणि बाजूला पोरे, असे फोटो निघू लागले. तिला तसबीर खुंटीवरून काढून हातात धरायला लावले जाते. बातमी लोकांपुढे आलीच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण वर्तमानपत्रात एकदा छापला गेलेला तो फोटो पुढे कोणाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, कोणाच्या प्रदर्शनात, कोणाच्या पारितोषिकासाठी जातो, तेव्हा तिला पुन्हा विचारले जाते काय? दुःख तिचे, मानधन दुसऱ्याचे, अशी ही वाटणी आहे.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा, आणि सर्वसाधारणपणे मालकही तोच. कोणी पैसे देऊन स्वतःच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला, तर पहिली मालकी, वेगळा करार नसल्यास, त्या सांगणाऱ्याची. म्हणजे जो स्टुडिओत जाऊन पैसे मोजतो त्याला हक्क आहे, आणि जिला न विचारता टिपले तिला काही नाही. संमतीचा अभाव हाच विकणाऱ्याचा फायदा झाला! पुढे १९९४ साली राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे मानले की, माणसाचे नाव वा प्रतिमा त्याच्या संमतीवाचून वापरणे हा त्याच्या खाजगीपणाच्या हक्काचा प्रश्न आहे. २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा घटनेच्या २१ व्या कलमातला मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. हक्क कागदावर आला. पण तो वापरतो कोण? २०२२ साली अमिताभ बच्चन आणि २०२३ साली अनिल कपूर दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि आपला चेहरा, आवाज व नाव परवानगीवाचून वापरण्यास त्यांनी मनाई मिळवली. त्यांनी ती मिळवली हे योग्यच झाले. माझा प्रश्न एवढाच आहे की, नटाच्या चेहऱ्याला बाजारभाव आहे म्हणून तो त्याचा, आणि तांड्यावरच्या आजींच्या चेहऱ्याला बाजारभाव आला की तो मात्र कॅमेरेवाल्याचा, हा कोणता न्याय?

चित्रे विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी यावर एक तोडगा काढला आहे. जाहिरातीसाठी फोटो विकायचा असेल तर त्या छापील संमतिपत्र मागतात. वार्तेसाठी म्हणून विकायचा असेल तर बहुधा मागत नाहीत. हे संमतिपत्र इंग्रजीत असते आणि त्याच्या तळाशी सहीची जागा असते. जिला सही येत नाही ती अंगठा देते. अंगठ्याचा इतिहास आपल्याला सांगायला नको. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे हे न कळता आपल्या आज्या-पणज्यांनी अंगठे दिले आणि जमिनी घालवल्या. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. आपला शब्द नाकारण्याचा विचारही त्याच्या मनात येऊ नये, अशी भीती घालणे हा हेतू होता, असे हर्शेलनेच लिहून ठेवले आहे. ठसा हा असा धाकातून जन्मला. तेव्हा कागदावर अंगठा आहे म्हणून संमती आहे, हे आपण तरी मान्य करता कामा नये.

मग खरी संमती कशी असते? त्यासाठी आपल्याच घरांतल्या भिंतीकडे पाहावे. आमच्या घरात शिक्षण घेणारा मी पहिला. माझ्या माय-बापाचे पहिले फोटो निघाले ते हौसेने नव्हे, अर्जाला चिकटवण्यासाठी. पण त्यांनी एकदा स्वतः होऊन दारव्ह्याच्या स्टुडिओत जोडीने फोटो काढून घेतला. बापाने स्टुडिओतला कोट घातला होता. मायने नवे लुगडे नेसले होते. कसे बसायचे, कुठे पाहायचे, कोणत्या फोटोच्या प्रती काढायच्या, हे त्यांनी ठरवले. तो फोटो बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली लागला. अशा शेकडो घरांत असे फोटो आहेत. त्या उसन्या कोटाला हसणाऱ्यांना त्यातला अर्थ कळलेला नाही. आपण कसे दिसावे हे ठरवण्याचा अधिकार ज्या माणसांना शतकानुशतके नव्हता, चांगले वस्त्र आणि दागिना घालण्याचीही ज्यांना मनाई होती, त्यांनी तो अधिकार काही रुपये मोजून मिळवलेला होता.

बाबासाहेबांच्या छायाचित्रांचे सामर्थ्यही यातच आहे. फेब्रुवारी १९३४ मधला राजगृहातला त्यांचा कुटुंबासमवेतचा फोटो आठवा. यशवंतराव, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि घरचा कुत्रा टॉबीसुद्धा. त्यातल्या प्रत्येकाचे नाव आपल्याला ठाऊक आहे. त्या मुक्या जनावराचेदेखील! इकडे जातीजमातींच्या ग्रंथांत माणसांना नाव नाही आणि इकडे घरच्या कुत्र्यालाही नाव आहे. हा फरक कॅमेऱ्याचा नाही. कोणाच्या इच्छेने फोटो निघाला, त्याचा तो फरक आहे.

हे सारे परक्यांवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. चळवळीलाही हा प्रश्न स्वतःला विचारावा लागेल. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यानंतर त्या मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरली. त्या चित्रांनी माणसे पेटून उठली, प्रस्थापित वर्तमानपत्रांनी दडवलेले सत्य बाहेर आले, हे नाकारता येत नाही. अत्याचाराचा पुरावा दडपला जातो तेव्हा छायाचित्र हे आपले शस्त्र असते. पण हे शस्त्र कोणाच्या देहावर धरलेले असते? अमेरिकेत १९५५ साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी ठार मारले. तेव्हा त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शवपेटी उघडी ठेवण्याचा आणि विद्रूप झालेला चेहरा जगाला दाखवण्याचा निर्णय घेतला. फोटो छापले गेले आणि नागरी हक्कांच्या लढ्याला त्यांनी बळ दिले. निर्णय आईचा होता, यात त्या छायाचित्राचे नैतिक बळ आहे. मागे उरलेल्या माणसाला विचारण्याची अशी रीत आपण घातली आहे काय? सत्यशोधन समितीबरोबर गेलेला कार्यकर्ता पीडित मुलीचा चेहरा मोबाइलवर टाकतो, तेव्हा तो कोणाच्या परवानगीने टाकतो?

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की, विचारत बसले तर क्षण निघून जातो, आणि अशाने इतिहासाची साधनेच निर्माण होणार नाहीत. जॉन्सन आणि रसेल यांनी विचारले असते तर आज आपल्या पूर्वजांचे चेहरेही दिसले नसते. हे खरे आहे, आणि मी ते चित्र वर्गात दाखवतोही. ते जाळावे असे मी म्हणत नाही. पण साधन मिळाले म्हणून ते मिळवण्याची रीत न्याय्य ठरत नाही. वेठबिगारीने बांधलेला तलाव आपण वापरतो, म्हणून वेठबिगारीचे समर्थन करीत नाही. शिवाय क्षण टिपल्यावरही विचारता येते, आणि विकण्याआधी तर खासच विचारता येते. टिपणे आणि विकणे यांत बहुधा काही महिने जातात. तेवढ्या काळात तांड्यावर परत येणे अशक्य नसते.

दुसरा आक्षेप आपल्यातलेच काही जण घेतात. पैसे घेऊन फोटोला उभे राहणे म्हणजे गरिबीचा बाजार मांडणे, त्यात स्वाभिमान जातो, असे त्यांचे म्हणणे असते. मला ते पटत नाही. बाजार मांडला गेलेलाच आहे. त्यात आपला वाटा मागण्याने स्वाभिमान जात नाही, फुकट राबण्याने जातो. उन्हात दोन तास उभे राहणे, म्हणेल तसे वळणे, डोक्यावर घागर घेणे हे श्रम आहेत आणि श्रमाला मजुरी असते. बलुत्याच्या नावाखाली फुकट राबवून घेणाऱ्या गावगाड्याला आपण नकार दिला. कॅमेऱ्याच्या बलुत्यालाही तोच नकार दिला पाहिजे.

तेव्हा माझ्या दृष्टीने संमतीच्या अटी साध्या आहेत. ज्याचा फोटो काढायचा त्याला त्याच्या भाषेत, गोरमाटीत, कोलामीत, वऱ्हाडीत, हे चित्र कशासाठी आहे आणि ते विकले जाणार आहे काय, हे आधी सांगावे. सरपंच, ठाणेदार किंवा संस्थेचा कार्यकर्ता शेजारी उभा करून विचारू नये, कारण त्यांच्यासमोर ‘नाही’ निघत नाही. नाव द्यायचे की नाही, हे तिने ठरवावे. चित्राची एक प्रत तिच्या घरी पोहोचवावी. विक्री झाली तर तिचा वाटा ठरलेला असावा. उद्या तिने आता हे चित्र नको म्हटले, तर पुढची विक्री थांबावी. लहान मुलांचे फोटो आई-बापांना विचारल्याशिवाय विकूच नयेत. हे नियम फार कडक वाटत असतील, तर छायाचित्रकारांनी आपल्या लेकीबाळींचे फोटो परमुलखात विकले जात आहेत अशी कल्पना करून पाहावी.

पोहरादेवीत ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. गावोगावी आपली स्मारके, वाचनालये, विहारे उभी राहिली आहेत आणि त्यांच्या भिंतींवर फोटो लागत आहेत. हे काम आता आपल्या हाती आहे. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना गावच्या इतिहासाचे काम देतो, तेव्हा एक वही सोबत देतो. ज्याचा फोटो घ्याल त्याचे नाव, गाव, तारीख, त्याने काय सांगितले आणि काय करू नका म्हटले, हे सारे त्यात उतरवायचे. ज्यांनी नाही म्हटले त्यांचीही नोंद करायची, फोटोविना. गेल्या वर्षी एका मुलाच्या वहीत अकरा नावे होती आणि फोटो सातच. उरलेल्या चौघांपुढे त्याने लिहिले होते, ‘नको म्हणाले.’ त्या चार ओळी मी वर्गात वाचून दाखवल्या. इतिहासाच्या कोणत्याही ग्रंथात आपल्या माणसांचा असा नकार मला आजवर नोंदलेला सापडला नव्हता.